काळी पलटण, महू : पाच दिवस

पहिला दिवस : आग्रा रोड

देवळालीहून पहाटे साडेपाचला गाडी काढली. पुढं मी आणि बायको, मागं आत्या. आत्याचं वय ७४. प्राथमिक शाळेत मुलं शिकवण्यात तिचं उभं आयुष्य गेलं. बाबासाहेबांच्या जन्मगावी, महूला जायचं हे तिनं कितीतरी वर्षं मनात धरलं होतं, पण दर एप्रिलला बेत ठरायचा आणि उन्हाच्या धास्तीनं बारगळायचा. यंदा म्हटलं जयंतीची वाट बघायची नाही, सप्टेंबरात जाऊ. पाऊस ओसरलेला असेल, गर्दी नसेल, तिला निवांत बसता येईल.

मी स्वतः देवळाली कॅम्पात वाढलो. छावणीतल्या पोराला काही गोष्टी आपसूक कळतात. रस्ते सुतात असणार, झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना असणार, संध्याकाळी बिगुल वाजणार आणि अमुक एका फाटकाच्या पुढं आपण जायचं नाही. आमची देवळाली म्हणजे गोऱ्या शिपायांचा मुक्कामाचा तळ. विलायतेहून आलेले इथं थांबून पुढच्या पलटणीत जायचे आणि मुदत संपलेले बोटीची वाट बघत महिनोन्‌महिने पडून राहायचे. त्या वाट बघण्यात माणसं अशी भ्रमिष्ट व्हायची, की इंग्रजीत वेड लागण्याला ‘डुलाली’ हा शब्द आमच्या गावावरून पडला. लहानपणापासून हे ऐकत आलो, पण छावणी नावाची वस्ती मुळात कशी बसवतात, कुणाच्या जमिनीवर, कुणाला कुठं ठेवून, याचा विचार फार उशिरा सुरू झाला. महूला जायचं माझं कारण ते. आत्याचं कारण वेगळं होतं आणि माझ्यापेक्षा मोठं होतं.

मालेगाव, धुळे, शिरपूर मागं टाकून बिजासनचा घाट चढायला लागलो. हा घाट नकाशावर नीट पाहावा. घाटाखालचा खानदेश एके काळी बराचसा होळकरांकडे होता. ६ जानेवारी १८१८ला मंदसौरला तह झाला आणि सातपुड्यातला व सातपुड्याच्या दक्षिणेचा सगळा मुलूख होळकरांच्या हातून गेला. होळकरांच्या राजधानीत ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, येऊन बसला आणि त्या दरबारावर नजर ठेवता येईल इतक्या जवळ फौज हवी म्हणून त्याच साली सर जॉन माल्कमनं इंदूरपासून वीस-बावीस किलोमीटरवर छावणी टाकली. ती महूची छावणी.

जागा त्यानं डोळसपणे निवडलेली आहे, हे गाडीतून जाताना कळतं. खलघाटला नर्मदा ओलांडली की धामनोदनंतर विंध्याचा चढ लागतो, मानपूर येतं, आणि माळव्याचं पठार सुरू होतं तिथंच महू. म्हणजे दक्षिणेतून वर येणारी वाट आणि इंदूरचा दरवाजा, दोन्हींवर एकाच ठिकाणाहून पहारा. हवा थंड, जमीन उघडी, पाण्याला जवळ. ‘आता कळलं का, रस्ता धरलाय त्यांनी,’ असं मी म्हणालो तर आत्या म्हणाली, ‘रस्ता धरला तर माणूस आपोआप धरला जातो.’

तीन वाजता पोचलो. सरकारी पाटीवर डॉ. आंबेडकर नगर असं नाव आहे, ते २००३ साली दिलेलं. बोलण्यात अजून महूच. या नावाबद्दल एक गोष्ट सगळीकडे ऐकू येते, की इंग्रजीतल्या ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ या शब्दांची आद्याक्षरं जुळवून महू झालं. लॉजच्या मालकांनीही तेच सांगितलं. ते खरं नाही. महूगाव नावाचं गाव शेजारी आहेच, आणि छावणीनं आपलं नाव त्याच्याकडून घेतलं. मोहाच्या झाडांवरून गावाला ते नाव पडलं असंही काही जण म्हणतात. आपल्याकडचे मोहगाव, मोहाडी आठवले की ते पटण्यासारखं वाटतं. पण लोकांना आद्याक्षरांची गोष्ट आवडते, जणू फौज येण्याआधी इथं काही नव्हतंच.

मालक इंदुरी मराठी बोलत होते. ‘आपण नाशिकहून येऊन राहिले का? बरं झालं, उद्या पाऊस नाही.’ आत्याला ते मराठी ऐकून फार बरं वाटलं. होळकरांबरोबर इकडे आलेली भाषा दोनशे-अडीचशे वर्षांत माळव्याच्या पाण्यावर वाढली आणि वेगळीच गोड झाली.

दुसरा दिवस : काळी पलटण

सकाळी पोहे-जिलबी खाऊन निघालो. रिक्षावाल्याला ‘जन्मभूमी’ एवढंच सांगावं लागतं. जन्मभूमीच्या वस्तीचं नाव आहे काळी पलटण. गोऱ्यांच्या पलटणीपासून वेगळी ओळखू यावी म्हणून हिंदी शिपायांच्या पलटणीला पडलेलं हे नाव. ते शिपाई जाऊन शंभरावर वर्षं झाली, रंगावरून पडलेलं नाव मात्र वस्तीला चिकटून राहिलं. पाटी वाचल्यावर आत्या थोडा वेळ तिथंच उभी राहिली.

स्मारक पांढऱ्या संगमरवरात आहे, वर स्तूपासारखा घुमट, समोर बाबासाहेबांचा पुतळा. जिथं बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ राहत होते ती लष्कराची जागा मिळवायला इथल्या माणसांना खूप वर्षं खेटे घालावे लागले. १४ एप्रिल १९९१ला, जन्मशताब्दीच्या दिवशी पायाभरणी झाली आणि १४ एप्रिल २००८ला स्मारक लोकांसाठी खुलं झालं. मूळ क्वार्टर आता नाही. मला वाटतं तो असता तर जास्त बोलला असता. हिंदी शिपायांच्या लाइनी म्हणजे काय चीज होती हे त्यावरून दिसलं असतं. गोऱ्या शिपायाला सरकार पक्की बराक बांधून द्यायचं, आणि हिंदी शिपायाला झोपडी उभारायला थोडे पैसे हातावर ठेवायचं. माती-कुडाची ती झोपडी त्यानं आपली आपण बांधायची. पलटण हलली की झोपडी मागं राहायची.

बुलढाण्याहून आलेली एक बस उभी होती. बाया-माणसं, पोरं, सगळे आत शांत रांगेनं जात होते. एक आजी पायरीला हात लावून तो डोळ्यांना लावत होत्या. आत्यानं चपला काढल्या आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. पाऊण तास बसली. मी मध्ये एकदा पाणी नेऊन दिलं, तेव्हा म्हणाली, ‘तू जा, फिरून ये. मला इथं काही बघायचं नाही, बसायचंय.’

बाहेर कट्ट्यावर बसून मी बायकोला जे सांगत होतो ते इथं लिहितो, कारण महू का, या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे.

रामजींचं मूळ गाव आंबडवे, रत्नागिरी जिल्हा. त्यांचे वडील मालोजी फौजेत होते. रामजींच्या पत्नी भीमाबाईंच्या माहेरीही, मुरबाडकरांकडे, वडील आणि चुलते सुभेदार-मेजर. कंपनीच्या राजवटीच्या सुरुवातीपासूनच आपल्या पूर्वजांनी वंशपरंपरागत काम सोडून फौज धरली, असं बाबासाहेबांनीच लिहून ठेवलं आहे. कोकणातल्या आणि देशावरच्या महारांना मुंबई फौजेनं भरती केलं ते काही उदारपणानं नव्हे. कंपनीला काटक माणसं हवी होती आणि या माणसांना वेशीबाहेरचं जिणं सोडायला एक दार हवं होतं. १ जानेवारी १८१८ला कोरेगाव भीमाला जी पलटण लढली ती शिरूरच्या छावणीतून रात्रभर चालत आली होती, आणि तिच्यात महार शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्याच हिवाळ्यात, ११ दिवस आधी, महिदपूरला होळकर हरले आणि महूच्या छावणीची वाट मोकळी झाली. या दोन तारखा मी शाळेत कधी शेजारी ठेवून वाचल्या नव्हत्या.

फौजेत एक गोष्ट होती जी गावात नव्हती. शिपायांना आणि त्यांच्या मुलांना, मुलींनासुद्धा, शिकणं सक्तीचं होतं. हुकूम वाचता यावा, हिशेब ठेवता यावा, एवढाच सरकारचा मतलब. पण अक्षर एकदा आलं की ते हुकुमापुरतं थांबत नाही. रामजी पुण्याच्या नॉर्मल स्कुलात शिकले, लष्करी शाळेत मास्तर झाले, मग हेडमास्तर. महूच्या काळ्या पलटणीत, एका लष्करी हेडमास्तराच्या घरी, १४ एप्रिल १८९१ला चौदावं मूल जन्मलं. हे घर गावकुसाबाहेरचं नव्हतं. छावणीत जातीचा जाच नव्हता असं मी म्हणणार नाही, पण त्या घरात पाटी होती, पुस्तक होतं, पहाटे उठवून अभंग आणि पाढे म्हणवून घेणारा बाप होता.

आणि मग ते दार बंद झालं. बाबासाहेबांच्या जन्मानंतर दीड-दोन वर्षांतच सरकारनं महारांची भरती थांबवली. ‘लढवय्या जाती’ ठरवून पलटणी जातवार बांधायचं धोरण आलं होतं. ज्यांनी तीन-तीन पिढ्या बंदूक उचलली ते एका कागदानं लढवय्ये उरले नाहीत. रामजींनी न्यायमूर्ती रानड्यांच्या मदतीनं सरकारकडे अर्ज केला असं चरित्रांत वाचायला मिळतं. गोपाळबाबा वलंगकरांनीही लढा दिला. उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी केली आणि युद्ध सरल्यावर मोडून टाकली. पुढं १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. त्यामागं खुद्द बाबासाहेबांचा रेटा होता.

माझे आजोबा, म्हणजे आत्याचे वडील, त्या रेजिमेंटमध्ये होते.

आत्या बाहेर आली तेव्हा तिनं अभिप्रायाच्या वहीत दोन ओळी लिहिल्या होत्या. मी वाचायला गेलो नाही.

दुपारी सदर बाजारात फिरलो. मेन स्ट्रीट, त्याला काटकोनात फुटणाऱ्या गल्ल्या, एकसारखी रुंदी. बाजार बराकींपासून ठरवलेल्या अंतरावर. शिंपी, मोची, खाटीक, पाववाला, धोबी, भिस्ती, खानसामा, दारूचा गुत्तेवाला, सावकार अशी सगळी माणसं फौजेच्या मागोमाग आली आणि इथलीच झाली. पारशी दुकानदार आले, बोहरी आले. अजूनही शिंप्याच्या दुकानात वर्दीचं कापड, खांद्याच्या पट्ट्या, बिल्ले, फिती, बेरे टोप्या लटकलेल्या दिसतात. एका म्हाताऱ्या शिंप्यानं टेप गळ्यात घालूनच सांगितलं, ‘दादाजी गोरे अफसरों का सिलते थे, मैं अपने अफसरों का सिलता हूँ. नाप वही है.’

तिसरा दिवस : बंगले, थडगी आणि १ जुलै

आज छावणीचा मोठा फेरा. महूत पायदळाचं प्रशिक्षण स्कूल आहे, सिग्नलचं कॉलेज आहे, आर्मी वॉर कॉलेज आहे, त्यामुळे बरेच रस्ते मध्येच फाटकाशी संपतात. फोटो काढले नाहीत. आमच्याकडेही तीच रीत आहे.

जुने बंगले मात्र रस्त्यावरून दिसतात. उंच कौलारू छप्पर, तिन्ही-चारी बाजूंनी पडवी, पुढं गाडी थांबायला पोर्च, मागं नोकरांच्या खोल्यांची चाळ, आणि सगळ्याभोवती एकर-दोन एकर अंगण. या बंगल्यांची मालकी हा छावणीतला सगळ्यात गुंत्याचा विषय आहे, आणि देवळालीत त्यापायी घरंच्या घरं कोर्टात गेलेली मी पाहिली आहेत. १८३६ साली गव्हर्नर जनरलचा हुकूम निघाला, की छावणीतली जमीन सरकारची. माणसानं तिथं घर बांधावं, राहावं, विकावं. पण फक्त भिंती आणि छप्पर त्याचं. एक महिन्याची नोटीस देऊन आणि बांधकामाची किंमत मोजून सरकार जागा परत घेऊ शकतं. याला ओल्ड ग्रँट म्हणतात. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर आजही घरं उभी आहेत. पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाला खिळा ठोकायला छावणीच्या बोर्डाची परवानगी लागते. आता नागरी वस्ती छावणीतून काढून पालिकेला जोडायचं सरकारनं ठरवलं आहे. महूच्या बाजारात लोक त्याबद्दल आशेनंही बोलतात आणि काळजीनंही. मला तो निर्णय बरोबर वाटतो, फक्त जमिनीचा प्रश्न सोडवून मग पाट्या बदलाव्यात.

चर्च बघून कबरस्तानात गेलो. गवत कमरेएवढं. राखणदारानं काठीनं वाट करून दिली. शिळा वाचत गेलं की वयं अंगावर येतात. बावीस वर्षं, एकोणीस वर्षं, अकरा महिने. एका बाईची शिळा, तिच्या कुशीला लागून तान्ह्याची. लढाईत मेलेले थोडे, तापानं आणि पटकीनं मेलेले फार. १८६३ साली विलायतेत एका शाही आयोगानं हिंदुस्थानातल्या फौजेच्या आरोग्याचा अहवाल दिला, त्यात गोऱ्या शिपायांचं मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी ६९ निघालं. फ्लॉरेन्स नाइटिंगेलनं त्या अहवालामागं जिवाचं रान केलं होतं. आज छावणी म्हटलं की जे डोळ्यापुढं येतं, म्हणजे रुंद रस्ते, मोकळी मैदानं, उंच छताच्या हवेशीर बराकी, दूरचा बाजार, गटारं, त्यातलं बरंचसं या मरणांतून आलं आहे. १८६४ साली छावण्यांचा कायदा झाला आणि बाजारावर, पाण्यावर, कत्तलखान्यावर सरकारी देखरेख आली. ती बायांवरही आली. पलटणीच्या बाजारात राहणाऱ्या बायांची नोंद, सक्तीची तपासणी, आणि आजारी निघाली तर इस्पितळात कोंडणं. गोऱ्याचा देह निरोगी राहावा म्हणून त्या बायांच्या अंगाशी काय काय केलं गेलं! त्यांच्या नावाची शिळा या कबरस्तानात नाही, दुसरीकडेही नाही. बायको हे ऐकून बराच वेळ काही बोलली नाही.

संध्याकाळी लॉजच्या गच्चीवर बसून मी १८५७ सांगितलं. १ जुलैला सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर सआदत खान आणि होळकरांचे शिपाई चालून गेले. रेसिडेंटचं काम बघणारा कर्नल ड्युरँड सिहोरकडे निघून गेला. त्याच रात्री महूत बंगालच्या २३व्या पलटणीनं आणि घोडदळाच्या तुकडीनं उठाव केला. आपले शिपाई बिघडणार नाहीत असा कर्नल प्लॅटचा ठाम विश्वास होता. तो त्यांना समजवायला लाइनींत गेला आणि मारला गेला. छावणी पेटली. शिपाई इंदूरकडच्यांना जाऊन मिळाले. कॅप्टन हंगरफर्ड तोफखाना घेऊन इथल्या लहानशा किल्ल्यात ऑगस्टपर्यंत टिकून राहिला, मग मुंबईकडून कुमक आली. त्याच वर्षी आपल्या वरसईचे विष्णुभट गोडसे दानदक्षिणेच्या आशेनं उत्तरेकडे निघाले होते आणि बंड होणार ही बातमी त्यांना महूच्या बाजूलाच, शिपायांच्या तोंडून लागली. सआदत खानाला पुढं १८७४ साली इंदूरच्या रेसिडेन्सीत फाशी दिलं.

‘आणि झाशी?’ आत्यानं विचारलं. तिनं शाळेत झाशीच्या राणीचा धडा किती वेळा शिकवला असेल.

झाशीवर चालून गेलेली सर ह्यू रोजची फौज जानेवारी १८५८मध्ये इथूनच निघाली होती. सिहोर, राहतगड, सागर आणि मग झाशी. एप्रिलच्या सुरुवातीला झाशी पडली.

‘त्या फौजेत कोण होते?’

गोरे होते, हैदराबादची फौज होती, मुंबईच्या २४व्या आणि २५व्या हिंदी पलटणी होत्या.

‘मुंबईच्या म्हणजे आपले असणारच.’

असणारच, मी म्हटलं. मुंबई फौजेच्या पलटणींत सगळ्या जातींची माणसं एकत्र असत आणि महार बहुतेक प्रत्येक पलटणीत होते.

आत्या खूप वेळ समोरच्या अंधाराकडे बघत राहिली. मग म्हणाली, ‘राणीचा धडा मी डोळ्यांत पाणी आणून शिकवला. त्यात खोटं काही नव्हतं. आणि भिंतीवर चढणारा तो शिपाई माझ्या आजोबाचा बाप असू शकतो, हेही खोटं नाही. दोन्ही मला सांभाळायला लागणार.’ बाजूच्या कुठल्यातरी बराकीतून बिगुल वाजला आणि आम्ही खाली जेवायला गेलो. दाल-बाफले होते.

चौथा दिवस : महिदपूर

महूहून महिदपूर सव्वाशे-दीडशे किलोमीटर, उज्जैनच्या पुढं. आत्या थकली होती, बायको तिच्याजवळ थांबली. मी एकटा गेलो.

क्षिप्रेचं पात्र तिथं रुंद आहे, सप्टेंबरात पाणी गढूळ आणि भरपूर. २१ डिसेंबर १८१७ला याच पाण्याच्या एका बाजूला होळकरांचा तोफखाना रोशन बेगच्या हाताखाली रांगेत उभा होता आणि दुसऱ्या बाजूनं कंपनीच्या हिस्लॉप आणि माल्कमची फौज तोफांच्या तोंडी उतारातून नदी ओलांडून आली. गोळंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेजवळच कापले गेले. हे इंग्रजांनीही मान्य केलं आहे. कंपनीची मेलेली आणि जखमी माणसं आठशेच्या घरात, होळकरांकडची हानी कितीतरी जास्त.

पण लढाईच्या आधीच घर फुटलं होतं. यशवंतराव होळकर गेल्यानंतर गादीवर त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा मल्हारराव, कारभार तुळसाबाईकडे, फौजेचे पगार थकलेले. लढाईच्या आदल्या दिवशी फौजेतल्याच सरदारांनी तुळसाबाईला क्षिप्रेच्या काठी नेऊन मारलं. लढाईत गफूरखान आपली माणसं घेऊन बाजूला झाला, आणि तहात त्याला जावऱ्याची जहागीर मिळाली. यशवंतरावांची मुलगी भीमाबाई, वय अवघं विसाच्या आसपास, घोड्यावरून लढली.

मी घाटावर तासभर थांबलो. धुणं धुणाऱ्या बाया होत्या, पोरं पुलावरून उड्या मारत होती. महूची छावणी इथं सुरू झाली. तिकडच्या सरळ रस्त्यांवरून चालताना ते जाणवत नाही, इथं या चिखलात उभं राहिल्यावर जाणवतं. मल्हाररावानं रडत रडत पळणाऱ्या फौजेला परत फिरायची विनवणी केली असं सांगतात. अकरा वर्षांचं पोर. मला माझ्या पाचवीच्या वर्गातली मुलं आठवली.

पाचवा दिवस : पातालपाणी आणि परतीची वाट

सकाळची वेळ आत्यासाठी ठेवली होती. महूपासून जवळच पातालपाणी, आणि तिथून घाट उतरून काळाकुंडला जाणारी मीटरगेजची हेरिटेज गाडी. १८६९-७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी साडेचार टक्के व्याजानं एक कोटी रुपये कर्ज दिलं, त्यातून खंडवा-इंदूर ही होळकर स्टेट रेल्वे झाली. चाळीस फुटांना एक फूट चढ, बोगदे, दरीवरचे पूल. पैसा होळकरांचा, आणि सोय सगळ्यात आधी झाली ती छावणीची, कारण आता मुंबईहून फौज आणि दारूगोळा रुळावरून महूपर्यंत यायला लागला. आता ब्रॉडगेजच्या कामासाठी जुना मार्ग बंद झाला आहे, हा छोटा तुकडा तेवढा जपला आहे.

पातालपाण्याला इंग्रजांविरुद्ध लढलेल्या टंट्या भिलाचं मंदिर आहे. टंट्यामामाला ४ डिसेंबर १८८९ला जबलपूरला फाशी दिलं. इथून जाणारी गाडी त्याला मान देऊन क्षणभर थांबते, चालक शिट्टी देतो, ही इथली जुनी रीत. शिट्टी झाली तेव्हा डब्यातल्या सगळ्यांनी हात जोडले. आत्यानंही जोडले. काळाकुंडच्या फलाटावर पळसाच्या पानात कलाकंद मिळतो. तिनं दोन खाल्ले आणि एक नातीसाठी बांधून घेतला.

दुपारी महू सोडलं. खलघाटला नर्मदेवर थांबलो, आत्यानं पुलावरून पाण्यात रुपया टाकला. बिजासनचा घाट उतरायला लागलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. घाटात ती आपणहून बोलायला लागली. हे तिनं आधी कधी सांगितलं नव्हतं.

‘बाबा सागरला होते, रेजिमेंटच्या सेंटरला. भरती झाले तेव्हा अंगठा उठवत होते. पलटणीच्या शाळेत लिहायला शिकले. मी सहा वर्षांची असेन, पहिलं पत्र आलं. आमच्या घरात कुणाला वाचता येत नव्हतं. आई ते घेऊन पोस्टमनकडे गेली, त्यानं वाचून दाखवलं. पुढच्या वेळी पत्र आलं तर तो रजेवर. मग वाण्याकडे गेली. तो वाचता वाचता हसला. काय लिहिलं होतं देव जाणे, नवऱ्यानं बायकोला लिहिलेलं. आई पत्र काढून घेऊन घरी आली, दिवसभर कुणाशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी वेणी घातली, फ्रॉक धुतलेला नव्हता तसाच घातला, आणि हाताला धरून शाळेत नेलं. मास्तर म्हणाले, वर्ष सुरू होऊन चार महिने झाले, आता पुढच्या वर्षी आणा. तर आई पायरीवर बसली. म्हणाली, घरात पत्र वाचायला माणूस पाहिजे मला, पुढच्या वर्षापर्यंत कशी थांबू?’

‘मग?’ बायकोनं विचारलं.

‘घेतलं त्यांनी. दिवाळीपर्यंत मी जोडाक्षरं सोडून सगळं वाचायला लागले. जोडाक्षर आलं की थांबायचे. आई म्हणायची, राहू दे, पुढचं वाच.’

खाली शिरपूरचे दिवे दिसायला लागले होते.